कुलशोध व पॅरिश-नोंदी, इंग्लंडमधील

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील एखाद्या कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वृत्तांत पॅरिशमध्ये राखलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी आणि तत्संबद्ध स्थानिक कागदपत्रे यांच्या आधारे जुळविण्याची पद्धती. सरदार-उमरावांच्या वंशावळी जमीन व पदव्या यांच्या वारसाहक्कासाठी जपल्या गेल्या. शेतमजूर, लहान कूळ, विणकर वा लोहार यांच्या वंशावळी सहसा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. तरीही सोळाव्या शतकापासून त्यांची नावे लेखी स्वरूपात आढळतात, ती चर्चने व शासनाने अन्य प्रयोजनांसाठी केलेल्या नोंदींमुळे होय. नोंद कोणी, कशासाठी व कोणाच्या खर्चाने केली, हे ध्यानात न घेता ती वाचल्यास दिशाभूल होते. कुलशोधातील बहुतेक प्रमादांचे मूळ यातच आहे.

पॅरिश म्हणजे एक चर्च व एक धर्मोपदेशक यांच्या अखत्यारीतील भूभाग. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये असे दहा हजारांहून अधिक पॅरिश होते. ग्रामीण पॅरिशमध्ये सामान्यतः एक मुख्य गाव व त्याभोवती विखुरलेल्या वाड्या असत. एकूण वस्ती कित्येकदा दोनतीनशेच्या आतबाहेरच असे. ट्यूडर काळात रस्त्यांची दुरुस्ती व गरिबांचा सांभाळ ही लौकिक कामेही पॅरिशकडे सोपविण्यात आली. त्यामुळे चर्चमधील कुलूपबंद लाकडी पेटीत बाप्तिस्म्याच्या नोंदींशेजारी जमाखर्च, करपट्ट्या, हमीखते व न्यायाधीशांचे हुकूम असे सर्व दप्तर साठत गेले. जमीनदारीचा घटक असलेले मॅनॉर मात्र पॅरिशहून भिन्न. दोहोंच्या सीमा क्वचितच तंतोतंत जुळतात. एका पॅरिशमध्ये दोनतीन मॅनॉर असणे किंवा एकच मॅनॉर दोन पॅरिशमध्ये पसरलेले असणे, हे दोन्ही प्रकार आढळतात.

नोंदवह्यांचा आरंभ : आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. धर्मोपदेशकाने दर रविवारी चर्चवॉर्डनांच्या समक्ष मागील आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने लिहावीत, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी आणि हयगय झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड भरावा, असे त्यात म्हटले होते. मठांच्या विसर्जनाचा तो काळ असल्याने ही नव्या कराची पूर्वतयारी असावी, असा संशय लोकांत पसरला होता. प्रारंभीच्या अनेक वह्या सुट्या कागदांच्या असल्याने टिकल्या नाहीत. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वह्यांत उतरवून काढण्याचा हुकूम झाला. त्यात ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीच्या आरंभापासून’ अशा आशयाची पुस्ती होती. कष्ट वाचविण्याची ही संधी अनेक धर्मोपदेशकांनी साधली आणि त्यांच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात. त्याच हुकुमान्वये दरवर्षीच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठविण्याची प्रथा सर्वत्र लागू झाली. मूळ वही जळालेली, भिजलेली वा उंदरांनी कुरतडलेली असेल, तेथे या ‘बिशपच्या प्रती’ हाच आधार उरतो. मूळ वही शाबूत असली, तरीही दोहोंची तुलना करणे इष्ट, कारण एकीत नसलेले नाव दुसरीत सापडते.

यादवी युद्धाच्या व त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात (१६४२–६०) नोंदींची मोठी आबाळ झाली. १६५३ च्या कायद्याने नोंदणीचे काम धर्मोपदेशकाकडून काढून निवडलेल्या लौकिक अधिकाऱ्याकडे दिले आणि विवाह न्यायाधीशासमोर लावण्याचे ठरविले. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर जुनी पद्धत परत आली. परंतु अनेक कुळांचा धागा याच अठरा वर्षांत तुटतो.

पुढील काळात नोंदींचे स्वरूप कायद्यांमुळे बदलत गेले. लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या विवाहविषयक कायद्याने (अंमल २५ मार्च १७५४ पासून) विवाहाची स्वतंत्र वही, वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या वा निशाण्या आणि चर्चमधील पूर्वघोषणा किंवा परवाना या गोष्टी आवश्यक झाल्या. क्वेकर व ज्यू यांना त्यातून वगळले होते. सामान्य खेडुताच्या हातचा बहुधा एकमेव अवशेष म्हणजे या वहीतील त्याची वेडीवाकडी सही किंवा फुली होय. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा मुद्रांक-कर बसला व तो १७९४ मध्ये रद्द झाला. निर्धनांना या करातून सूट असल्यामुळे एखाद्याच्या नावापुढे ‘निर्धन’ असा शेरा आढळल्यास तो खरोखर किती निर्धन होता, याबद्दल सावधगिरी बाळगावी लागते. १८१३ पासून बाप्तिस्मा व दफन यांसाठी छापील रकान्यांच्या वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पित्याचा व्यवसाय व निवासस्थान, तर दफनाच्या नोंदीत मृताचे वय यांना निश्चित जागा मिळाली.

नोंद काय सांगते : पॅरिशची नोंद विधीची असते, घटनेची नव्हे. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नाही. दोघांत काही दिवसांचे अंतर असेल, वा काही वर्षांचेही. एकाच दिवशी एका दांपत्याच्या चार मुलांचा बाप्तिस्मा झाल्याचे आढळले, तर ती जुळी वा तिळी भावंडे नसून धर्मोपदेशकाने आग्रह धरून एकदम आणविलेली मुले असण्याचा संभव अधिक. विधीपूर्वीच दगावलेल्या बालकाचा मागमूस पुष्कळदा उरतच नाही. चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटलेल्या बॅप्टिस्ट, क्वेकर आदी पंथांचे, तसेच रोमन कॅथलिकांचे बाप्तिस्मे बहुधा या वहीबाहेर राहतात. त्यांचे विवाह मात्र, क्वेकरांचा अपवाद सोडता, १७५४ ते १८३७ या काळात पॅरिशच्या चर्चमध्येच लागणे कायद्याने भाग होते. त्यामुळे एखाद्या दांपत्याचा विवाह वहीत आहे आणि मुले मात्र कोठेच नाहीत, असे दिसल्यास ते कुटुंब पंथांतरित असावे, ही शक्यता प्रथम तपासावी.

जुन्या नोंदी त्रोटक असतात. ‘विल्यमचा पुत्र जॉन’ एवढ्यावरच काम भागविलेले असते. मातेचे नाव कित्येक ठिकाणी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नसते आणि तिचे माहेरचे आडनाव तर अपवादानेच मिळते. विवाहिता दफन झाली, तर तिची ओळख बहुधा ‘अमक्याची पत्नी’ एवढीच. याला सुखद अपवाद यॉर्कशरमधला. तेथील विल्यम डेड या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने १७७० नंतरच्या काही वह्यांत बालकाच्या आजोबा-आजींची नावेही लिहिली गेली. अशा वह्या हाती येणे ही संशोधकाची चैनच म्हणावी लागेल.

कालगणनेचा घोटाळा नवख्यास हमखास चकवितो. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्षाचा आरंभ २५ मार्चला होत असे. त्यामुळे एप्रिल १७०१ मध्ये विवाह आणि फेब्रुवारी १७०१ मध्ये पहिल्या अपत्याचा बाप्तिस्मा, असे वहीत दिसले, तर ते विवाहपूर्व अपत्य नव्हे. तो फेब्रुवारी आजच्या गणनेने १७०२ चा. अशी तारीख १७०१/०२ अशी लिहिण्याचा संकेत आहे. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर ही तारीख धरून नवी कालगणना स्वीकारली गेली. १७३३ पूर्वीच्या काही वह्या लॅटिनमध्ये आहेत. पण तेथे ठराविक वीसपंचवीस शब्द कळले तरी पुरते. त्याहून जाचक ठरते ते सोळाव्या-सतराव्या शतकांतील वळणदार लिपीचे वाचन. शिवाय आडनावाचे लेखन उच्चारावर व लेखनिकावर अवलंबून असल्याने एकाच माणसाचे आडनाव बाप्तिस्मा, विवाह व दफन या तीन प्रसंगी तीन प्रकारे लिहिलेले सापडते.

एकाच नावाची माणसे : छोट्या पॅरिशमधील सर्वांत कठीण प्रश्न नाव न सापडण्याचा नसून एकाच नावाची अनेक माणसे सापडण्याचा आहे. जॉन, विल्यम, टॉमस आणि मेरी, एलिझाबेथ, अ‍ॅन अशा मोजक्या नावांतच बहुसंख्य लोक सामावलेले असत. आडनावेही थोडी. समजा, १७६८ मध्ये विवाहबद्ध झालेल्या एका जॉनचा जन्म शोधावयाचा आहे आणि १७४१ व १७४४ मध्ये त्याच नावाच्या व आडनावाच्या दोन चुलतभावांचे बाप्तिस्मे आढळतात. वय जुळते म्हणून त्यांपैकी एकाची निवड करणे हा तर्क झाला, पुरावा नव्हे. दफनांच्या वहीत १७४६ मध्ये ‘विल्यमचा पुत्र जॉन’ असा उल्लेख मिळाला, तर दोघांपैकी एक बाद होतो. मृत बालकाचेच नाव पुढच्या अपत्यास देण्याचा प्रघात असल्याने हा पडताळा विशेष महत्त्वाचा. तो न घेतल्यामुळे पाचव्या वर्षी वारलेल्या मुलाचे वंशज म्हणविणारी कुटुंबे छापील वंशावळींत आहेत. मृत्युपत्रातील वारसांची नावे, विवाहातील साक्षीदारांच्या सह्या आणि व्यवसाय यांनीही निवड पक्की करता येते. यांपैकी काहीच न मिळाल्यास वंशावळ तेथेच थांबविणे हा प्रामाणिक मार्ग होय.

म्हणून अनुभवी संशोधक केवळ आपल्या कुळाच्या नोंदी टिपून न घेता त्या आडनावाच्या, आणि पॅरिश लहान असल्यास साऱ्या पॅरिशच्या, नोंदी उतरवून घेतो व प्रत्येक कुटुंबाचा स्वतंत्र तक्ता मांडतो. कोणत्या तक्त्यात कोण बसत नाही, हे कळल्यावर आपला माणूस कोणता ते ठरते. दोनतीनशे वस्तीच्या गावात हे काम एका व्यक्तीच्या आवाक्यातील आहे; शहरात ते अशक्यप्राय. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ ल्वी आंरी यांनी विकसित केलेली ‘कुटुंब-पुनर्रचना’ पद्धती याच तत्त्वावर आधारलेली असून ई. ए. रिग्ली यांनी १९६० नंतरच्या दशकात ती डेव्हनमधील कॉलिटन या पॅरिशला लावली. तेथील नोंदी १५३८ पासून आहेत. १९६४ मध्ये केंब्रिज येथे स्थापन झालेल्या संशोधक गटातर्फे रिग्ली व आर. एस. स्कोफील्ड यांनी पुढे ४०४ पॅरिशांतील नोंदींची गणती करून इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास सिद्ध केला (१९८१). त्यासाठी लागलेल्या मासिक बेरजांचा मोठा भाग ठिकठिकाणच्या हौशी स्थानिक अभ्यासकांनी विनामूल्य करून दिला होता.

गरिबांचे दप्तर : १६०१ च्या दारिद्र्यविषयक कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशने आपल्या गरिबांना स्थानिक करातून पोसावयाचे होते. साहजिकच ‘आपला’ गरीब कोणता, हा करदात्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न झाला. १६६२ च्या कायद्याने बाहेरून आलेल्या व पुढे भार होण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीस ४० दिवसांच्या आत तक्रार झाल्यास तिच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा दिली. हा वसतिहक्क जन्माने, पित्याकडून, उमेदवारीने, वर्षभराच्या चाकरीने, वार्षिक दहा पौंड भाड्याची मालमत्ता घेऊन किंवा स्त्रीच्या बाबतीत विवाहाने मिळे. वर्षाची चाकरी पुरी होऊन हक्क लागू नये, म्हणून शेतमालक ५१ आठवड्यांच्या बोलीवर गडी ठेवीत.

या कठोर व्यवस्थेने माणसांची परवड केली, पण त्यांचे जीवनवृत्त कागदावर आणले. वसतिहक्काच्या चौकशीत न्यायाधीशांपुढे दिलेल्या शपथपूर्वक जबानीत एखादा मजूर आपण कोठे जन्मलो, कोणाकडे किती पगारावर चाकरी केली, लग्न केव्हा व कोठे झाले, मुले किती व त्यांची वये काय, हे क्रमाने सांगतो. बाप्तिस्म्याच्या चार शब्दांपुढे ही जबानी म्हणजे छोटे चरित्रच. तिच्यावरून निघालेला परतपाठवणीचा हुकूम दोन पॅरिशना जोडतो. कुळाचा हरवलेला मूळ गाव अनेकदा येथेच गवसतो. विवाहाने स्त्रीला पतीचा वसतिहक्क लागू होत असल्यामुळे वैधव्य आलेल्या स्त्रीला मुलांसह तिने कधी न पाहिलेल्या गावी पाठविल्याची उदाहरणे या कागदांत आहेत. अनौरस बालकास दीर्घकाळ जन्मस्थळाचा हक्क मिळत असल्याने अविवाहित गर्भवतीला प्रसूतीपूर्वी सीमेपलीकडे घालविण्याची घाई होई. बाप्तिस्म्याच्या वहीत अशा मुलाच्या पित्याची जागा रिकामी असते. ते नाव मिळालेच, तर पॅरिशने त्या पुरुषाकडून बालकाच्या पोषणासाठी लिहून घेतलेल्या हमीखतात मिळते. १८३४ च्या नव्या कायद्याने अनेक पॅरिशांचे संघ करून वर्कहाउसे उभारली आणि पॅरिशच्या पेटीतील हे दप्तर आटत गेले.

स्वतःच्या श्रमावर कसेबसे निभावून नेणारा, कधी मदत न मागितलेला आणि मृत्युपत्र करण्याइतकी मालमत्ताही नसलेला माणूस मात्र या साऱ्या दप्तरात सर्वांत अंधुक राहतो. वहीतील दोनतीन ओळींखेरीज त्याच्याविषयी काहीही मिळत नाही.

इतर साधने : मृत्युपत्रे १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांत व त्यानंतर शासकीय कचेरीत प्रमाणित होत. सोळाव्या-सतराव्या शतकांतील मृत्युपत्रासोबत मृताच्या चीजवस्तूंची शेजाऱ्यांनी केलेली यादी असते. तीत खोलीवार भांडी, अंथरुणे, गुरे व उभी पिके यांच्या किमती दिलेल्या असतात. मॅनॉरच्या न्यायसभेच्या दप्तरात कुळाच्या मृत्यूनंतर जमीन कोणाच्या नावे चढली ते कळते आणि ही साखळी कधीकधी पॅरिश-नोंदींच्या पूर्वीच्या काळात नेते. १८३६ च्या कायद्यान्वये धान्यरूप धर्मपट्टीचे रोख रकमेत रूपांतर करताना तयार झालेल्या नकाशांवर प्रत्येक शेताचा मालक व वहिवाटदार नोंदलेला आहे. चर्चच्या आवारातील स्मृतिशिला वाचनीय असल्या, तरी बहुतेक गरिबांना शिला लाभली नाही.

शोधाचा क्रम : शोध ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे आजपासून मागे चालतो. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची शासकीय नोंदणी सुरू झाली. जन्माच्या दाखल्यात मातेचे माहेरचे आडनाव आणि विवाहाच्या दाखल्यात वधूवरांच्या पित्यांची नावे असल्याने एकेक पिढी मागे जाता येते. विवाहनोंदीत मातांची नावे लिहिण्यास मात्र मे २०२१ उजाडावे लागले. जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत असली, तरी व्यक्तींची नावे देशभर पद्धतशीरपणे प्रथम १८४१ मध्ये जपली गेली. त्या वेळी पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये पाचाच्या पटीत उतरवून लिहिण्याची सूचना होती. १८५१ पासून जन्माचा पॅरिश व कुटुंबप्रमुखाशी नाते यांची नोंद होऊ लागली. शासकीय नोंदणीपूर्वी जन्मलेल्या वृद्धाला त्याच्या चर्चच्या वहीशी जोडणारा पूल हाच. जनगणनेची पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची १९४२ मधील आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये जनगणनाच झाली नाही.

पॅरिशची सीमा : इंग्लिश खेडूत पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावी खिळून होता, हा समज नोंदींच्या अभ्यासाने मोडीत काढला. नॉटिंगहॅमशरमधील क्लेवर्थ येथील रेक्टरने १६७६ व १६८८ मध्ये सर्व रहिवाशांच्या घरवार याद्या केल्या होत्या. पीटर लॅस्लेट यांनी त्या पडताळून पाहिल्या, तेव्हा बारा वर्षांत सुमारे चारशे वस्तीपैकी साधारण तीन-पंचमांश माणसे नाहीशी झाल्याचे आढळले. त्यांत मृत होतेच. पण मोठा भरणा स्थलांतरितांचा, विशेषतः चाकरीसाठी हिंडणाऱ्या तरुणतरुणींचा होता. अशी हालचाल बहुधा जवळपासच्या गावांपुरती असे. म्हणूनच एखादे कुटुंब वहीतून लुप्त झाले, की भोवतालच्या पॅरिशांच्या वह्या चाळणे ही पहिली पायरी ठरते.

वहीत न मावणारे किती असते, याचा दाखला श्रॉपशरमधील मिडल या पॅरिशने दिला आहे. तेथील रिचर्ड गॉफ (१६३५–१७२३) या शेतकऱ्याने १७०० च्या सुमारास आपल्या पॅरिशचा इतिहास लिहिला. चर्चमधील बाके घरांना व शेतांना जोडलेली असत. गॉफने एकेक बाक घेऊन त्यावर बसणाऱ्या कुटुंबांचा वृत्तांत सांगितला. कोणी दारूपायी जमीन घालविली, कोणी चोरीत सापडला, कोणाचे भाऊबंदकीचे दावे किती वर्षे चालले, हे तो विनासंकोच लिहितो. यादवी युद्धात मिडल, मार्टन व न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस माणसे राजाच्या बाजूने लढावयास गेली व त्यांपैकी तेरा मारली गेली, असे तो नोंदवितो. दूर रणांगणावर पडलेल्यांसाठी गावच्या दफनांच्या वहीत जागा नव्हती. डेव्हिड हे यांनी गॉफचा वृत्तांत मृत्युपत्रे, न्यायालयीन कागद व पॅरिश-नोंदी यांच्याशी ताडून १९७४ मध्ये मिडलवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

समुद्रापार गेलेल्यांच्या बाबतीत शोध आणखी लांबतो. ईस्ट इंडिया कंपनीत शिपाई म्हणून दाखल झालेला खेड्यातला तरुण गावच्या वहीतून बाप्तिस्म्यानंतर नाहीसा होतो. त्याचा विवाह वा मृत्यू मुंबई, बंगाल किंवा मद्रास इलाख्यातील चर्चच्या नोंदींत आढळू शकतो. या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. मुंबई इलाख्याच्या प्रती अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या असून त्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

जतन व उपलब्धता : १९७८ च्या नियमनानुसार (अंमल १९७९ पासून) शंभर वर्षांहून जुन्या, भरून पूर्ण झालेल्या नोंदवह्या सामान्यतः धर्मप्रांताच्या अधिकृत अभिलेखागारात ठेवणे आवश्यक ठरले. ही अभिलेखागारे बहुधा काउंटीचीच असतात. लंडनमध्ये १९११ साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स या संस्थेने वह्यांच्या नकला व सूची मोठ्या प्रमाणात जमविल्या. अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्रीय संस्थेने (स्थापना १८९४) विसाव्या शतकात त्यांच्या सूक्ष्मपट्टिका तयार केल्या. आता पुष्कळशा वह्यांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. सूचीतील एका नावावर बोट ठेवून वंशावळ काही मिनिटांत बाराव्या पिढीपर्यंत नेण्याचा मोह त्यामुळे बळावला आहे. सूचीकाराचे वाचन चुकलेले असते, एखादे पान सुटलेले असते, शेजारच्या पॅरिशची वही सूचीत आलेलीच नसते. आणि समासात धर्मोपदेशकाने लिहिलेला ‘देवीने वारला’, ‘विहिरीत बुडाला’ किंवा ‘दुसऱ्या गावचा’ यांसारखा शेरा सूचीत क्वचितच उतरतो. डीएनए-चाचणीने काही जोड्या तपासता येतात, परंतु सर्वसाधारण चाचणीचा उपयोग पाचसहा पिढ्यांपलीकडे झपाट्याने उणावतो. तिच्यातून नाते कळले, तरी ते कोणत्या जॉनमार्फत आले हे पुन्हा वहीतच शोधावे लागते.